आधी लेन्स, मग बॉडी: मोजक्या पैशांत कॅमेरा कसा जुळवावा

"एवढे पैसे आहेत, कुठला कॅमेरा घेऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, "फोटो कशाचे काढणार?" समोरच्याला वाटतं मी उत्तर टाळतेय. पण उत्तर तिथूनच सुरू होतं, आणि हे मला दुसरी बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) घेऊन झाल्यावर कळलं.

माझी मुलगी बॅडमिंटन खेळते. बंदिस्त हॉल, दिवे छताला खूप उंचावर. माझ्याकडे साधी बॉडी आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स होती (हे मिलिमीटरमधले फोकल लेन्थचे आकडे; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). ५५ पर्यंत झूम केलं की या लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक, एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० ठेवूनही शटर स्पीड मिळायचा १/६० सेकंद. चेहरा ओळखू यायचा, रॅकेटचा मात्र नुसता पांढरट फराटा. कॅमेरा जुना झालाय असं मी ठरवून टाकलं, वर्षभर पैसे साठवून नवी बॉडी घेतली आणि तीच लेन्स तिला लावली. जास्त आयएसओमुळे फोटोत येणारे दाणे थोडे कमी झाले. फराटा तसाच राहिला.

पुढे एका ओळखीच्या बाईंची ५० एमएम एफ/१.८ लेन्स एका संध्याकाळपुरती मागून आणली. तोच हॉल, तोच आयएसओ, ॲपर्चर एफ/२, आणि शटर स्पीड १/५००. सर्व्हिस करतानाच्या फोटोत रॅकेटच्या जाळीची वीण दिसत होती. हिशोब सरळ आहे. एफ/५.६ पासून एफ/२ पर्यंत तीन स्टॉप. प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट, म्हणजे एकूण आठपट. नव्या बॉडीने मला फार तर एक स्टॉप दिला होता, आणि या लहानशा लेन्सने तीन.

म्हणून पैसे वाटताना मी सांगते: निम्म्याहून जास्त लेन्ससाठी बाजूला काढा, उरलेल्यात बसेल ती बॉडी घ्या. बॉडीची किंमत नवं मॉडेल आलं की उतरते. चांगली लेन्स दहा वर्षांनीही चांगलीच असते, आणि विकायला काढली तर मोल टिकवून असते.

आता लेन्स कुठली, हे ठरवायला एक सोपा उपाय. हाताशी कुठलाही झूमवाला कॅमेरा असेल, स्वतःचा किंवा मागून आणलेला, तर त्यातले शेवटचे दोनेकशे फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेन्थचा आकडा बघा. माझे बहुतेक फोटो अगदी टोकाला, ५५ वर निघाले होते. म्हणजे मला लांबची लेन्स हवी होती आणि मी रुंद, म्हणजे जास्त दृश्य सामावणाऱ्या, लेन्सच्या जाहिराती वाचत बसले होते. आणखी खात्री करायची तर झूमची रिंग चिकटपट्टीने ३५ वर बांधून आठवडाभर फिरा, पुढच्या आठवड्यात ५० वर. कुठे मागे सरकायला जागा नाही आणि कुठे जवळ जाता येत नाही, हे पायांना कळतं.

इथे सेन्सरचा, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपचा, आकार लक्षात घ्यावा लागतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. एपीएस-सी त्याहून लहान: निकॉन, सोनी, फुजीफिल्म यांचा साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा किंचित लहान. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३. सेन्सर लहान तितकी चौकट आवळलेली. म्हणून एपीएस-सीवर ३५ ची लेन्स फुल फ्रेमवरच्या ५० सारखी दिसते (दीडपट, कॅननला १.६ पट), आणि मायक्रो फोर थर्ड्सवर हेच काम २५ ची लेन्स करते. हात आखडता असेल तर फुल फ्रेमच्या मागे लागू नका. बॉडी जुनी, स्वस्त मिळेलही, पण तिच्या लेन्स मोठ्या, जड आणि महाग, आणि तो खर्च दर लेन्सला पुन्हा करावा लागतो.

घरातली माणसं, मुलं, खिडकीजवळचा चेहरा, संध्याकाळचा रस्ता असं सगळं थोडं थोडं काढणार असाल तर एपीएस-सीवर ३५ एमएम एफ/१.८ ने सुरुवात करा. निकॉनची डीएक्स (निकॉनचं एपीएस-सीसाठीचं नाव) ३५ एमएम एफ/१.८जी २००९ सालची आहे आणि आजही मी ती डोळे झाकून सुचवते. कॅननवाल्यांसाठी २०१५ ची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. वजन जेमतेम १६० ग्रॅम, ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. एपीएस-सीवर तिची चौकट थोडी जास्त आवळते, चेहऱ्यांना मात्र सुरेख. एकाच लेन्सवर सगळं भागवायचं असेल तर सिग्मा किंवा टॅमरॉनची १७-५० एफ/२.८, जुन्या बाजारात. किट लेन्स टाकून देऊ नका. दिवसाउजेडी एफ/८ वर ती चांगलं काम करते.

पक्षी काढायचे असतील तर गोष्ट वेगळी आणि खर्चाची. निदान ७०-३०० लागते, आणि तीही कमीच पडते. १८-३०० सारखी सगळं एकात देणारी लेन्स मी सुचवत नाही. एवढी मोठी रेंज एका नळीत बसवताना टोकाला तडजोड करावी लागते, आणि पक्ष्यांसाठी तुम्ही नेमके टोकालाच असता. आणखी एक गैरसमज इथेच दूर करते. लेन्समधला किंवा बॉडीतला स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर थांबवतो, पक्ष्याचे पंख नाही. पंख थांबवायला वेगवान शटरच लागतो, आणि त्याला प्रकाश.

मेगापिक्सेलबद्दल थोडक्यात. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा. इंचाला ३०० ठिपके धरले तरी २० बाय १३ इंचांचा प्रिंट निघतो. फोर-के पडद्यावर ८.३ मेगापिक्सेलच दिसतात. दहा वर्षांपूर्वीच्या बॉडी २४ च्या होत्या, तेव्हा या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचं कारण उरत नाही.

बॉडी हातात घेऊन मी बघते ते वेगळंच. शटर आणि ॲपर्चरसाठी दोन स्वतंत्र चाकं आहेत का? एकच असेल तर दर वेळी बटण दाबून फिरवावं लागतं आणि तेवढ्यात क्षण जातो. डोळा लावायला व्ह्यूफाइंडर आहे का? पकड करंगळीपर्यंत पोचते का? माझी सध्याची बॉडी निकॉन डी७२००, २०१५ ची. दोन चाकं, दोन कार्डांची सोय, आणि बॉडीतच ऑटोफोकसची मोटर. या मोटरकडे नीट लक्ष द्या. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींना ती नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर बसतात पण फोकस हाताने करावा लागतो. स्वस्त दिसली म्हणून एएफ-डी उचलण्याआधी बॉडी तपासा.

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) की मिररलेस (बिनआरशाचा)? कंपन्यांचा सगळा भर आता मिररलेसवर आहे, आणि म्हणूनच जुन्या डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स वापरलेल्या बाजारात स्वस्त आणि मुबलक आहेत. निकॉनचा एफ माउंट (लेन्स बॉडीला जोडणारी कडी) १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा, इतक्या वर्षांचा साठा फिरतोय. मिररलेसमध्ये फोटो उजळ येईल की काळा हे काढण्याआधीच दिसतं, आणि नव्या बॉडी डोळा शोधून त्यावर फोकस धरतात. पळत्या लहान मुलांसाठी हे मोलाचं आहे. २०१४ ची सोनी ए६००० अजूनही चांगली सुरुवात आहे, फक्त तिच्या बॉडीत स्टॅबिलायझर नाही हे ध्यानात ठेवा.

माउंट निवडणं म्हणजे पुढच्या लेन्सचं घराणं निवडणं. डीएसएलआरच्या लेन्स अडॅप्टर लावून मिररलेसवर चालतात, उलटं होत नाही. कारण मोजमापात आहे. ईएफ माउंटपासून सेन्सर ४४ मिलिमीटर लांब, कॅननच्या नव्या आरएफमध्ये २० मिलिमीटर. मधल्या मोकळ्या २४ मिलिमीटरमध्ये अडॅप्टरची नळी बसते. म्हणजे आज घेतलेली ईएफ लेन्स उद्याच्या आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालेल. कॅननच्याच ईएफ-एम माउंटला मात्र हा पुढचा रस्ता नाही. तो २०२३ मध्ये बंद झाला आणि त्याच्या लेन्स आरएफवर बसत नाहीत. एक बॉडी, एक लेन्स, बस्स, असं असेल तर तोही चालेल.

आता वापरलेली लेन्स घेताना काय बघायचं. इथे मी हात पोळून घेतलाय. एक ७०-३०० मी दुपारच्या उजेडात वरवर बघून घेतली. काच चकचकीत होती. घरी रात्री टॉर्च लावला तर आतल्या काचेच्या कडेला बारीक पांढरे धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे फांद्या फुटलेले. बुरशी. दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीएवढा सांगितला गेला.

म्हणून टॉर्च सोबत न्या. दोन्ही झाकणं काढा. निकॉनच्या जी लेन्सला (नावात एफच्या आकड्यापुढे जी असलेल्या) मागच्या कडेला छोटी दांडी असते, ती बोटाने सरकवली की ॲपर्चरची पाती उघडतात. मागून टॉर्च तिरका धरा, पुढून आत बघा, मग लेन्स हळूहळू फिरवा. सुटे कण दिसतील, ती धूळ. तिची काळजी नको, चारदोन कणांनी फोटोत फरक पडत नाही. धागे किंवा दुधाळ धुरकटपणा दिसला तर लेन्स परत ठेवा. दांडी सोडली की पाती चटकन मिटायला हवीत. रेंगाळली किंवा पात्यांवर ओलसर चमक दिसली तर तेल उतरलंय. मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवून, कॅमेरा अगदी समोर धरून, ॲपर्चर पूर्ण उघडून फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणं ठीक. एकच कोपरा उरलेल्या तिघांपेक्षा पुसट असेल तर लेन्स कधीतरी आपटलीय. स्क्रूच्या खाचा खरडलेल्या असतील तर ती कोणीतरी उघडलीय.

बॉडीसाठी शटर काउंट, म्हणजे तिने आजवर किती फोटो काढले तो आकडा, विचारा. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये तो नोंदलेला असतो. कॅनन ८०डीचं शटर १ लाख फोटोंसाठी तपासलेलं आहे, डी७२०० चं दीड लाखासाठी. हा आकडा ओलांडला की कॅमेरा लगेच बंद पडतो असं नाही, पण किंमत ठरवताना तो हाताशी असावा. एफ/१६ वर कोऱ्या भिंतीचा मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो काढला की सेन्सरवरचे डाग दिसतात. बहुतेक साफ होतात. ओरखडा साफ होत नाही. कार्डाच्या खाचेतल्या पिना वाकलेल्या नाहीत हेही डोळ्यांनी बघा.

उरलेल्या पैशांत दुसरी बॅटरी, एक विश्वासाचं कार्ड, आणि घट्ट झाकणाचा डबा सिलिका जेलसकट. आत आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. सिलिका जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा कोरडी करता येते. पहिल्या वर्षी फिल्टरवर खर्च नको.

दुसरी लेन्स सहा महिने घेऊ नका. त्याऐवजी जो फोटो हुकला तो का हुकला, हे एका ओळीत लिहून ठेवा. माझ्या वहीत सहा महिन्यांनी "प्रकाश कमी" चार वेळा होतं, "लांब पडलं" एकोणीस वेळा, आणि "रुंद हवी होती" एकदाही नाही. त्यावरून मी वापरलेली ८५ एमएम एफ/१.८ घेतली. कोर्टाच्या कडेला बसून आता पलीकडच्या अर्ध्या कोर्टातला चेहरा चौकटीत पुरेसा मोठा येतो.