काटे दिसले की थिसल म्हणू नका

दिवाळी उलटली की पुण्याच्या वेताळ टेकडी, तळजाई, बोपदेव घाट इथून मला फोटो यायला लागतात. गवत वाळलेलं, मधे एखादं काटेरी झाड आणि खाली प्रश्न: "हा थिसल ना?" थिसल म्हणजे करडईच्या गोतावळ्यातली, बहुधा काटेरी झाडं. फोटोतला बहुतेकदा थिसल नसतो. चुका मात्र दर वर्षी त्याच.

पिवळ्या धोत्र्याला मिल्क थिसल समजणं

ही नुसती चूक नाही, अंगाशी येणारी आहे, म्हणून आधी घेतो. टेकडीवर रोज फिरायला येणाऱ्यांत एक निवृत्त काका आहेत. एका सकाळी त्यांनी पिशवीतून स्टीलची डबी काढली. "लिव्हरसाठी. मिल्क थिसलचं बी. बाजारात केवढं महाग, आणि इथे कॅनॉलच्या कडेला फुकट." डबी हातावर ओतून पाहिली. काळपट, गोल, मोहरीएवढे दाणे.

"काका, फुलं कसली होती?"

"पिवळी. पण पानं बघा ना, पांढऱ्या शिरा, कडेला काटे. मोबाईलवर अगदी अस्सं दाखवतात."

ते बी पिवळ्या धोत्र्याचं होतं, पण पानांपुरतं त्यांचं खरं होतं. मिल्क थिसलच्या पानावर पांढरी नक्षी असते, धोत्र्याच्या पानावरही शिरांलगत पांढुरके पट्टे असतात. साम्य तिथेच संपतं. पिवळा धोत्रा मूळचा मेक्सिकोकडचा, अफू-खसखशीच्या कुळातला. त्याच्या फुलाला सुट्या, तलम पाकळ्या असतात. थिसलच्या फुलात पाकळ्या नसतात, बारीक नळीसारख्या फुलांचा झुपका असतो, आणि मिल्क थिसलचा तो जांभळा असतो. मिल्क थिसलचं बी मोहरीएवढं नसतंच. ते चपटं, चकचकीत आणि चांगलं पाऊण सेंटिमीटरच्या आसपास लांब असतं.

पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं की काय होतं ते १९९८ साली दिल्लीने पाहिलं. पाय सुजले, दम लागला, हृदयावर ताण आला आणि ६० हून अधिक माणसं गेली. हे सांगितल्यावर काकांनी डबी बंद केली खरी, पण "तुम्ही फार कीस काढता" हेही ऐकवलं. काढतो. बी पोटात जाणार असेल तर काढायलाच हवा. टेकडीवरून ओळखून आणलेलं काहीही औषध म्हणून खाऊ नका, एवढं बोलून मी हा विषय सोडतो.

माझी सवय अशी: काटेरी पान दिसलं की देठ नखाने जरासा खरवडायचा. पिवळाधमक चीक आला तर तो धोत्रा, पुढे बघायची गरज नाही. हात मात्र धुवायचे, आणि तोवर डोळ्याला लावायचे नाहीत.

गोळ्याला एक फूल समजणं

पुण्याच्या माळावर खरोखर भेटणारा थिसल म्हणजे उंटकटारी, शास्त्रीय नाव एकिनॉप्स एकिनेटस. फिकट निळसर-पांढरा काटेरी चेंडू. लोक त्याचा वरून एक फोटो काढतात आणि "फूल किती छान" म्हणून पुढे जातात. दोन मिनिटं बसा की! चिमट्याने त्या चेंडूतला एकच तुकडा अलगद ओढून काढा. बुडाशी पांढऱ्या ताठ केसांचा झुबका, त्यावर एकावर एक रचलेली टोकदार छदं (फुलाला वेढणारी छोटी पानं), आणि सगळ्यांच्या आत पाच पाकळी-टोकांचं एकुलतं एक फूल. करडईच्या बोंडात अशी कितीतरी फुलं एका वाटीत बसतात. इथे प्रत्येक फुलाला स्वतःची वेगळी वाटी आहे, आणि अशा पुष्कळ वाट्या मिळून चेंडू झाला आहे.

फुलण्याचा क्रमही बघण्यासारखा. करडईत कडेची फुलं आधी उमलतात, मग मधली. उंटकटारीचा चेंडू वरून खाली उमलत येतो, म्हणून अर्धवट फुललेला चेंडू सापडला तर मी पूर्ण फुललेल्याकडे बघतही नाही. शिवाय काही छदं लांब काट्यासारखी वाढून चेंडूबाहेर आलेली दिसतील, तीही टिपा. पान उलटं करा, खालून पांढरी दाट लव असते.

एवढं न बघता सह्याद्रीच्या माथ्यावरच्या प्रत्येक चेंडूला एकिनेटस म्हणायची घाई नको. आपल्याच आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी सह्याद्रीतून एकिनॉप्स सह्याद्रिकस ही वेगळी जात नोंदवली आहे. नीट बघणाऱ्यांना डोंगर अजून नवीन काहीतरी देतो. घाईवाल्यांना जुनंच मिळतं, तेही चुकीच्या नावाने.

ॲपचं पहिलं उत्तर खरं मानणं

ॲप कधी स्कॉटलंडचा थिसल सांगतं, कधी हिमालयातला सिर्सियम, म्हणजे थिसलचाच एक गट. तो सिर्सियम आपल्या टेकड्यांवर मला तरी कधी दिसलेला नाही. सिर्सियम आणि कार्डुअस हा थिसलचाच दुसरा गट, हे दोन तर परदेशातले अनुभवी लोकही बीवरचे केस भिंगाखाली धरून वेगळे करतात: सिर्सियमचे पिसासारखे फाटे फुटलेले, कार्डुअसचे साधे. फुलाच्या एका धूसर फोटोवरून मोबाईल हे कसं सांगणार? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ॲप ठेवा, पण दुसऱ्या नंबरवर.

बाकीच्या, थोडक्यात

काटे नाहीत म्हणून थिसल नाही, असंही नसतं. सिंहगडाच्या बाजूला पावसाळ्यानंतर जांभळट फुलांचा ट्रायकोलेपिस फुलतो. बोचतील असे काटे त्याच्या पानांना नसतात, पण तो उंटकटारीच्याच गोतावळ्यातला. लोक त्याला ओलांडून पुढे काटे शोधत जातात.

भुईरिंगणी वांग्याच्या कुळातली आहे. पिवळे सरळ काटे, जांभळं फूल. थिसल नाही.

ओढ्याकाठी, चिखलात, पेराला काटे आणि निळसर फुलं असतील तर तालिमखाना. तोही नाही.

"ब्रह्मदंडी" एवढ्या नावावर विश्वास टाकू नका. हे नाव उंटकटारीला, धोत्र्याला आणि ट्रायकोलेपिसला, तिघांनाही चालतं. दुकानदाराच्या पुडीत कोण आहे ते फूल बघितल्याशिवाय कळत नाही.

झाड उपटून आणू नका. विशेषतः उंटकटारी, कारण एक तर मुळं खोल असतात आणि दुसरं, तुम्ही हातमोजे आणलेले नसतात.

आणि ओळख विचारायला फोटो पाठवाल तेव्हा चार तरी पाठवा: पूर्ण झाड, पानाची दोन्ही अंगं, फूल बाजूने, फूल मधे कापून. सोबत तारीख आणि जागा. "टेकडीवर" ही जागा नव्हे. पुण्यात टेकड्या बऱ्याच आहेत.