ऑनलाईन चेसमध्ये जोड चुकीची लागायलीय? या चुका टाळा

परभणी घ्या, लातूर घ्या, नांदेड घ्या, चेस खेळणाऱ्या पोरांच्या कुठल्याबी व्हॉट्सॲप ग्रुपात दोन तक्रारी ठरलेल्या असतेत. एक, "मला मुद्दाम तगडेच अपोनंट देतेत राव". दुसरी, "कवाचं सर्च फिरायलंय, कोणी येतच नाही". आता साइटला तुमचं नावगाव काय माहीत, तुमच्याशी काय तिचं वैर? ती बघती चारच गोष्टी: तुमचं रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) किती, गेम किती मिनिटांचा, रेटेड का कॅज्युअल (म्हणजे त्या गेमनं रेटिंग हलतं का नाही), आन त्या घडीला तुमच्यासारखं अजून कोण थांबलंय. जत्रेतल्या फडात वस्ताद अंगापिंडाकडं बघून कुस्तीची जोड लावतेत, इथं आकड्याकडं बघून लावतेत, एवढाच फरक. आकडाच खोटा असला तर जोड बी खोटीच लागणार, आन बऱ्याच वेळा तो खोटा आपणच केलेला असतोय.

अकाउंट काढतानाचा मोठेपणा

चेस डॉट कॉमवर अकाउंट काढताना विचारतेत की तुम्ही नवीन का, थोडं येतंय का, का ॲडव्हान्स्ड. गल्लीत सगळ्याला हरवणारा गडी डोळे झाकून ॲडव्हान्स्ड दाबतो. मग सुरुवातीचं रेटिंगच मोठं मिळतं आन पहिल्या दिवसापासून नुसता मार. लिचेस ही दुसरी साइट, तिथं हा प्रश्नच नाही, सगळ्याला 1500 वरून सुरू करतेत आन आकड्यापुढं प्रश्नचिन्ह लावतेत. ते प्रश्नचिन्ह फार कामाचं आहे, पण त्याच्याकडं कोणी बघत नाही. मार्क ग्लिकमन नावाचे एक अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या ग्लिको पद्धतीवर या दोन्ही साइट चालतेत, फक्त लिचेस त्याची पुढची आवृत्ती वापरतं, ग्लिको-2. त्यात रेटिंगच्या सोबतीला अजून एक आकडा चालतो, की या रेटिंगवर भरवसा किती. नवीन माणसाचा भरवसा कमी, म्हणून एकेका गेमला रेटिंग शंभर-शंभरनं बी हलतं. गेम वाढले की तेच सहा-आठनं हलायला लागतं. लिचेसवर ही अनिश्चितता (तोच दुसरा आकडा, कमी म्हणजे भरवसा जास्त) 110 च्या खाली आली की प्रश्नचिन्ह जातं. तवर कोण तगडा आला न कोण कच्चा आला याचा हिशोबच मांडू नका, गेम पूर्ण खेळा, एकच टायमिंग धरा, आकडा आपोआप जागेवर बसतो. लई दिवस खेळणं बंद ठेवलं तर ती अनिश्चितता परत वाढती, म्हणून परीक्षा संपवून आलेल्या पोरांची रेटिंग दोन दिवसात वरखाली नाचती, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आन एका साइटचं रेटिंग दुसरीवर सांगत फिरू नका. दोन्हीकडं खेळणारे वेगळे, सुरुवात वेगळी, त्यामुळं लिचेसवरचं 1500 म्हणजे चेस डॉट कॉमवरचं 1500 नाही, सहसा लिचेसचा आकडा मोठाच दिसतो. फिडेचं, म्हणजे चेसच्या जागतिक संघटनेचं, तर सगळंच निराळं, तिथं 2024 पासून 1400 च्या खाली रेटिंगच नसतं.

एक अकाउंट, घरभर खेळणारे

माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक ही. घरात मोबाईल एक, त्यात लॉगिन एक. दादा लातूरहून क्लासच्या सुट्टीत आला की त्यावर खेळतो, तो चांगला 1400 च्या लायकीचा. तो गेला की धाकटी बहीण खेळती, तिला अजून उंट न घोडा कसा चालवायचा एवढंच येतंय. सणासुदीला मामा आले की ते बुलेट (तीन मिनिटांच्या आतला झटपट गेम) हाणतेत, वजीर फुकट देतेत न हसतेत. दादानं वर चढवलेलं रेटिंग बहिणीच्या नशिबाला येतं, तिच्यासमोर 1400 वाले बसतेत, ती रडकुंडीला येती आन घरचे म्हणतेत तिला जमत नाही. जमत नाही काय, तिची जोडच दादाच्या नावानं लागलेली! उलट ती पन्नास गेम हरली की दादा येऊन नवशिक्यांना धुतो, त्या बिचाऱ्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं. चेस डॉट कॉमच्या नियमात तर आपलं अकाउंट दुसऱ्याला वापरायला देणं बसतच नाही. अकाउंट फुकट आहे, प्रत्येकाचं वेगळं काढा.

सर्च फिरतच राहतंय

आधी सेटिंगमध्ये रेटिंगची रेंज बघा. बरेच जण ती आपल्यापेक्षा खाली 200 न वर फक्त 25 अशी आवळून ठेवतेत, म्हणजे सोपे अपोनंट यावेत. पण तुमच्यापेक्षा 200 नं कमी असलेल्याशी खेळून तुम्हाला साधारण 76 टक्के गुण मिळणार (ड्रॉचा अर्धा धरून) हे पद्धतीला आधीच ठाऊक असतंय, म्हणून जिंकलं तर पॉइंट चिमूटभर न हरलं तर मूठभर जातेत. रेंज दोन्हीकडं सारखी ठेवा.

दुसरं, टायमिंग. 7+4 (सात मिनिटं, आन दर चालीला चार सेकंद वाढीव, ह्यालाच इन्क्रिमेंट म्हणतेत) असलं काहीतरी मनाचं टायमिंग टाकून बसलात तर तसंच हवं असलेला दुसरा माणूस यावा लागतो. 3+2, 5+3, 10+0 हे तयार डबे आहेत, तिथं कायम गर्दी असती.

ब्लिट्झ, रॅपिड, बुलेटचं रेटिंग वेगवेगळं असतं हेबी विसरतेत लोकं. लिचेस सुरुवातीच्या वेळेत इन्क्रिमेंटच्या 40 पट मिळवतं आन 480 सेकंदांच्या खाली असलं तर ब्लिट्झ धरतं, तीन मिनिटांच्या खाली असलं तर बुलेट. म्हणून 5+3 चे होतेत 420, ते ब्लिट्झ. 5+5 चे 500, ते रॅपिड! दोन सेकंदांनी खाना बदलला, आन रॅपिड तुम्ही कधी खेळलाच नसाल तर तिथं परत 1500 न प्रश्नचिन्ह. कालपर्यंत 1200 वाले यायचे न आज 1500 वाला कामून आला, तर ह्याच्यामुळं.

पळून जाऊ नका

काळे आले की अबॉर्ट (गेम सुरुवातीलाच रद्द), समोरचा 50 नं जास्त दिसला की अबॉर्ट. असं सारखं केलं की काही वेळ खेळायलाच बंदी लागती, परत केलं की अजून जास्त वेळ. हरायलो म्हणून घड्याळ चालू ठेवून गायब होणाऱ्यालाबी तेच.

लाईट गेली, वायफाय बसलं, टॉवरचं नेट लटकलं, तर साइटला ते पळून जाण्यासारखंच दिसतं, घड्याळ काही थांबत नाही. थोडाफार लॅग लिचेस भरून देतं, पण पूर्ण डिस्कनेक्ट झालात तर नाही. लाईटचा भरवसा नसला तर बुलेटच्या नादी लागू नका, 10+5 किंवा 15+10 खेळा, म्हणजे मोबाईल डेटा चालू करून परत यायला तरी सवड मिळती.

मुद्दाम हरून रेटिंग पाडणारे न इंजिन (चाली सुचवणारं सॉफ्टवेअर) लावणारे भेटतेत अधूनमधून, नाही असं नाही. अशा वेळी त्याच्याशी चॅटवर भांडू नका, रिपोर्ट करा न पुढचा गेम लावा. इंजिनवाला पकडला गेला तर गेलेले पॉइंट दोन्ही साइट परत देतेत, मेसेज पण येतो. तवर रिमॅच मात्र मारू नका त्याच्यासोबत.