करारात ‘भागीदार’, कामावर कामगार : आपला दर्जा कसा सिद्ध करावा

किमान वेतन, कामाच्या तासांची मर्यादा, भरपगारी रजा, अपघाताची भरपाई आणि कामावरून काढण्यापूर्वीची नोटीस ही संरक्षणे बहुतेक देशांच्या कायद्यांत कामगाराच्या दर्जाशी जोडलेली असतात. म्हणूनच ज्याच्या करारात ‘स्वतंत्र व्यावसायिक’ किंवा ‘भागीदार’ असे लिहिलेले असते, त्याने रजेची वा थकबाकीची मागणी केली की पहिले उत्तर ठरलेले असते : तुम्ही आमचे कामगारच नाही. ॲपवर गाडी चालवणारे, नगावर मोबदला घेऊन घरून काम करणारे, वर्षानुवर्षे एकाच कंपनीचे काम करूनही दरमहा बिल सादर करणारे, अशा सर्वांना हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

करारावर सही केली म्हणजे दावा संपला, असे समजू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६ मधील १९८ क्रमांकाच्या शिफारशीनुसार, करारात नात्याला कोणतेही नाव दिलेले असले तरी काम प्रत्यक्ष कसे चालते आणि मोबदला कसा दिला जातो, यावरून निर्णय व्हावा. शिफारस बंधनकारक नसते, हे खरे. पण अनेक देशांची न्यायालये याच दिशेने विचार करतात, आणि तिच्यात दिलेली लक्षणे स्वतःची परिस्थिती तपासण्यासाठी उपयोगी पडतात. काम कोणाच्या सूचनेनुसार व देखरेखीखाली होते, ते स्वतःच करावे लागते का, वेळ आणि जागा कोण ठरवते, साधने कोणाची आहेत, मोबदला ठरावीक काळाने मिळतो का, उपजीविका मुख्यतः त्याच उत्पन्नावर चालते का, आणि नफा-तोट्याची जोखीम कोणाच्या माथी आहे, या प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर लिहून काढावीत. प्रत्येक उत्तर आपल्या बाजूचे असण्याची गरज नाही. स्वतःची गाडी वा स्वतःचा संगणक असल्यामुळे दावा आपोआप कोसळत नाही.

सर्वाधिक वजन असते ते नियंत्रणाला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना ‘वर्कर’ (पूर्ण कर्मचारी आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्या मधला दर्जा) ठरवले तेव्हा पाहिले ते असे, की भाडे आणि कराराच्या अटी कंपनीच ठरवते, फेऱ्या नाकारण्याच्या प्रमाणावर लक्ष ठेवून त्याबद्दल चालकाला काही काळ ॲपबाहेर काढते, प्रवाशांनी दिलेल्या रेटिंगच्या आधारे काम बंद करू शकते, आणि चालक व प्रवासी यांच्यात थेट संबंध जुळणार नाहीत याची काळजी घेते. चालक आपल्या क्षेत्रात ॲप चालू ठेवून फेरी घेण्यास तयार असेल तो सर्व वेळ कामाचा, असेही त्या निकालात मान्य झाले. हा मुद्दा पैशाच्या हिशेबात फार मोठा आहे, कारण वाट पाहण्याचे तास धरले नाहीत तर ताशी कमाई कागदावर भलतीच चांगली दिसते.

याच्या उलट उदाहरणही लक्षात ठेवावे. त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घरपोच खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या डिलिव्हरू कंपनीच्या रायडरांच्या युनियनची बाजू फेटाळली, कारण आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवण्याची त्यांना जवळजवळ पूर्ण मुभा होती. दुसरीकडे, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५०च्या दशकात ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मीठ पिकवणाऱ्या आगरियांना कामगार मानले, जरी ते स्वतःच्या खर्चाने मदतनीस लावू शकत होते. ते स्वतःही राबत होते, हे तेथे महत्त्वाचे ठरले. तेव्हा करारात बदली माणसाचे कलम असेल तर ते कोणी खरोखर वापरले आहे का, आणि वापरू पाहिल्यावर कंपनीने काय केले, याची चौकशी सहकाऱ्यांकडे अवश्य करावी.

आता पुराव्याकडे. वाद उभा राहिल्यावर पुरावा गोळा करू म्हणणाऱ्याची फजिती होते, कारण आयडी ब्लॉक झाला की ॲपमधील सगळा इतिहास त्याच क्षणी हाताबाहेर जातो. काम सुरू केल्याची व थांबवल्याची वेळ, वाट पाहण्यात गेलेला काळ, मिळालेली रक्कम आणि इंधन-दुरुस्तीचा खर्च रोजच्या रोज वहीत लिहावा. दर बदलल्याच्या सूचना, रेटिंगबद्दलचे इशारे आणि पेमेंटचे तपशील यांचे स्क्रीनशॉट दुसऱ्या ठिकाणी साठवावेत. हुकूम तोंडी किंवा फोनवर मिळत असतील तर त्याच दिवशी ‘आपण सांगितल्याप्रमाणे उद्या सात वाजता हजर राहतो’ असा साधा संदेश पाठवावा. समोरच्याने तो नाकारला नाही, तर तीही नोंदच होते. मात्र ग्राहकांची खासगी माहिती किंवा कंपनीची गोपनीय कागदपत्रे उचलू नयेत, अन्यथा मूळ तक्रार बाजूला राहते आणि आपणच आरोपी होतो.

काम बंद केले गेले तर कारण लेखी मागावे आणि निर्णय माणसाने घेतला की यंत्रणेने, हेही विचारावे. युरोपीय संघाच्या २०२४ मधील प्लॅटफॉर्म-कामाच्या, म्हणजे ॲपमार्फत मिळणाऱ्या कामाच्या, निर्देशात अशा निर्णयांवर मानवी देखरेख अनिवार्य केली आहे. तसा कायदा नसेल तेथे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा तपासावा. आपल्याविषयी साठवलेली माहिती मागण्याचा हक्क त्यात बहुधा सापडतो.

संघटित होण्यासाठी दर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४८ मधील ८७ क्रमांकाच्या करारात हा हक्क कामगारांना कोणताही भेदभाव न करता दिलेला आहे. व्यवहारातही, एकाच नमुन्याचा करार असलेल्या दहा जणांच्या वह्या एकत्र ठेवल्या तर नियंत्रणाची पद्धत जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती एकट्याच्या कैफियतीतून कधीच दिसत नाही.

दावा दाखल करताना मुदतीचा नियम सर्वांत आधी पाहावा, कारण काही देशांत ती अवघ्या काही महिन्यांची असते आणि कंपनीशी चाललेल्या बोलण्यांमुळे ती थांबतेच असे नाही. मागणी पर्यायी स्वरूपात मांडावी : पूर्ण कर्मचारी मानावे, ते शक्य नसल्यास कायद्यातील मधला दर्जा द्यावा. ब्रिटनमधील ‘वर्कर’ हा तसाच दर्जा आहे. त्यात किमान वेतन व भरपगारी रजा मिळते, पण अन्यायकारक बडतर्फीविरुद्धचे संरक्षण मिळत नाही. दरम्यान थकलेली रक्कम देऊ करताना ‘यापुढे कोणतीही मागणी उरलेली नाही’ अशा पावतीवर सही मागितली जाते. ती जाणकाराला दाखवल्याशिवाय करू नये, आणि पैसे घेणे भागच असेल तर रक्कम आपल्या हिशेबाप्रमाणे अपुरी आहे, असे त्याच कागदावर लिहून त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी.