घटपर्णीला नाशिकची थंडी लागू द्या

दिवाळी सरली, द्राक्षबागांची छाटणी आटोपली, आता पहाटेचा पारा उतरू लागेल. सारासेनिया, म्हणजे कलशासारख्या पानांत कीटक पकडणारी अमेरिकी घटपर्णी वाढवणाऱ्या नर्सरीवाल्यांनी आणि हौशी बागायतदारांनी हाच काळ सांभाळायचा आहे. फाल्गुनात फूल दिसणार की नाही, ते आत्ताच ठरते.

हे झाड मुख्यतः अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीचे. तिथे ते हिवाळ्यात तीन-चार महिने विसावते. रात्री पारा १० अंशांच्या खाली गेला नाही, तर हा विसावा अर्धवट राहतो आणि झाड वर्षागणिक खंगत जाते. म्हणून कुंड्या पॉलिहाऊसमध्ये घेऊ नका, झाडाखालीही ठेवू नका. उघड्या आभाळाखालची जागा रात्री जास्त गार होते. निफाड, दिंडोरीकडची सखल शेते त्याहून बरी. गच्चीचा स्लॅब दुपारी तापतो, तेव्हा कुंडी मातीवरच ठेवा. बागेत शेकोट्या पेटवत असाल, तर त्यांच्यापासून लांब.

पाने तपकिरी पडतील. झाड मेले असे समजून कुंडी फेकू नका, आणि दया येऊन खतही घालू नका. थाळीत बोटाच्या एका पेराएवढे पाणी पुरे; माती ओलसर राहिली पाहिजे, कधीच सुकता कामा नये.

सगळ्यात जास्त झाडे मरतात ती बोअरच्या पाण्याने. त्यातले क्षार कुंडीत साचत जातात आणि मुळे जळतात. द्राक्षवाल्यांकडे पाण्यातले क्षार मोजणारा ईसी मीटर असतोच, त्यावर ०.१ च्या आत, म्हणजे साधारण ५० पीपीएमपर्यंतचे पाणी चालते. पावसाळ्यात ड्रम भरून ठेवले असतील तर उत्तम, नाहीतर आरओचे शुद्ध पाणी वापरा. आरओमधून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र मुळीच नको, त्यात क्षार अधिकच असतात.

नवी रोपे घेताना मायनर किंवा ल्युकोफिला या दक्षिणेकडच्या जाती निवडा. आपला हिवाळा त्यांना पुरण्याची शक्यता जास्त. परप्युरियाचा कॅनडाकडचा प्रकार इथे टिकवणे अवघड. मेघालयातली घटपर्णी वेगळ्याच कुळातली. तिला असा विसावा लागत नाही, तिला थंडीपासून जपा.

जानेवारीअखेर वाळलेली पाने कापा आणि कुंडी बदला: पीट मॉस (दलदलीतले कुजलेले शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) निम्मे-निम्मे. शेणखत, गांडूळखत अजिबात नाही. कोकोपीट वापरायचेच असेल, तर क्षार निघेपर्यंत साध्या नव्हे, शुद्ध पाण्याने धुवा. त्यानंतर दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवे.

फुलाचा दांडा बहुतेक जातींत नव्या कलशांच्या आधी किंवा त्यांच्याबरोबर येतो. उलट्या छत्रीसारखे ते फूल फार देखणे असते, पण रोप लहान असेल तर दांडा निघताच खुडा, ताकद मुळांकडे जाईल. या दिवसांत बागेत फवारणी असेल तर कुंड्या आधीच हलवा. बी धरायचे असेल तर दुसऱ्या रोपाचे पराग ब्रशने लावा. तयार बी पेरण्यापूर्वी ओल्या मॉसमध्ये गुंडाळून चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे लागते, फ्रीझरमध्ये नव्हे.