खाऊशिवाय कुत्र्याचं डोकं कामाला कसं लावावं

पहाटे पाऊण तास पळवून आणलेला कुत्रा घरी येतो, पाणी पितो, दहा मिनिटं फरशीवर पसरतो आणि उठून उशी फाडायला घेतो. घरातले म्हणतात, अजून पळवायला हवं. पाऊण तासाचा तास होतो, तासाचा सव्वा तास. कुत्र्याचा दम मात्र रोज वाढत जातो आणि महिन्याभरात घरात रिकाम्या डोक्याचा पहिलवान तयार होतो.

दुसरा नेहमीचा सल्ला खाऊ भरलेल्या खेळण्यांचा. तो वाईट नाही, पण सगळ्यांना लागू पडत नाही. वजन वाढलेला लॅब्राडोर, डॉक्टरांनी पथ्यावर ठेवलेला ॲलर्जीचा कुत्रा, वाटीजवळ कुणी आलं की गुरगुरणारा, किंवा मुळातच खाण्याची फारशी आवड नसलेला, अशांचं काय? त्यात आमच्या ग्वाल्हेरचा मे-जून. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की बऱ्याच कुत्र्यांची भूक तशीही मंदावते.

वास काढणं, शोधणं, रोखून बघणं, पाठलाग, पकडणं, फाडणं आणि मग खाणं, अशी शिकारीची साखळी असते. खाणं ही तिची शेवटची कडी. आधीच्या कड्यांतच कुत्र्याला इतका रस असतो की त्यांच्यासाठी वेगळं बक्षीस लागत नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या घरात असतात, कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी. ते नाक दिवसभर रिकामं ठेवलं तर पाय कितीही पळवा, कुत्रा शांत होत नाही.

आधी दोर, आणि दोरात जीव

पुढचे बहुतेक खेळ एका कापडी दोरावर चालतात. जुनी सुती साडी घ्या, जरीचा काठ असेल तर कापून टाका. साधारण १० सेंटीमीटर रुंद आणि दीड मीटर लांब अशा तीन पट्ट्या काढा, एका टोकाला गाठ मारा, घट्ट वेणी घाला, दुसऱ्या टोकालाही गाठ मारा. मीटरभराच्या आसपास दोर तयार होतो. यापेक्षा आखूड केलात तर दात बोटांपर्यंत पोहोचतात. नायलॉन किंवा टेरिकॉट नको, त्याचे धागे हिरड्यांना कापतात आणि गिळले गेले तर आतड्यात अडकतात. सुती दोरही उसवायला लागला की टाकून द्या.

हा दोर कपाटात राहील, खेळाच्या वेळीच बाहेर येईल. दिवसभर पायात लोळणाऱ्या खेळण्याची किंमत शून्य होते.

‘आमचा कुत्रा खेळण्याकडे बघतच नाही’ ही तक्रार सर्रास ऐकू येते, आणि तिचं कारणही बहुधा एकच असतं: खेळणं कुत्र्याच्या तोंडापुढे नाचवलं जातं. ससा काही स्वतःहून कुत्र्याच्या तोंडात शिरत नाही, तो पळतो. दोराचं टोक जमिनीवरून कुत्र्यापासून दूर न्या, खाटेच्या पायामागे लपवा, क्षणभर थांबा, थोडंसं हलवा. कुत्र्याने मान वळवून रोखून बघितलं की निम्मं काम झालं. त्याने पकडल्यावर लगेच हिसकावू नका. दोन-तीन सेकंद त्याला जिंकू द्या, मग ओढा. ओढायचं ते आडवं आणि खालच्या पातळीवर. वर उचलून झटके दिले की मानेला इजा होते. चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दात बदलत असतात, तेव्हा फक्त हलकेच धरायचं. ओढताना कुत्रा गुरगुरतो, तो खेळाचाच भाग आहे. दात हाताला लागले तर खेळ अर्धा मिनिट बंद, आरडाओरडा न करता.

‘सोड’ शिकवायलाही खाऊ लागत नाही. दोर दोन्ही हातांनी गुडघ्याला चिकटवून धरा आणि पुतळ्यासारखे उभे राहा. मेलेल्या दोरात मजा नसते. दहा सेकंदांनी, कधी तीस सेकंदांनी तोंड सुटतं. त्या क्षणी ‘सोड’ म्हणा आणि लगेच ‘घे’ म्हणून दोर परत जिवंत करा. सोडलं की खेळ संपत नाही, उलट पुन्हा सुरू होतो, एवढं कळलं की चार-पाच दिवसांत शब्दावर तोंड उघडायला लागतं. इथे घाई केलीत तर पुढचा प्रत्येक खेळ भांडणात संपेल.

शोध

१. कुत्र्याला कुणीतरी पट्ट्याने धरून ठेवा. त्याच्या देखत दोर खुर्चीच्या पायामागे ठेवा, ‘शोध’ म्हणा, सोडा. सापडला की १०-१५ सेकंद जोरदार ओढाओढ. हेच त्याचं बक्षीस.

२. तीन वेळा सरळ जाऊन आणला की दोर ठेवताना त्याला दाराबाहेर ठेवा. जागा मात्र सोपीच, आधीचीच.

३. मग त्याच खोलीत नवी जागा: गादीच्या कडेला, पायपुसण्याखाली, बादलीमागे. आठवडाभर जमिनीवरच.

४. त्यानंतर दुसरी खोली आणि कुत्र्याच्या नाकाएवढी उंची. त्याहून उंच ठेवलात तर वास खाली दुसरीकडेच उतरतो आणि नवखा कुत्रा हिरमुसतो.

एका वेळी तीन ते पाच शोध, बस. शेवटचा शोध सोपा ठेवा. अडलेला कुत्रा तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो. त्या वेळी बोट दाखवलंत की तो नाक वापरणं सोडून तुम्हालाच वाचायला शिकतो. लांब उभे राहा, हात मागे, नजर खिडकीबाहेर. मिनिटभरात काहीच झालं नाही तर त्या कोपऱ्याच्या दिशेने नुसते चालत जा.

कूलरचं भान ठेवा. कूलर सुरू असला की वास झोतासोबत समोरच्या भिंतीवर आदळतो आणि कुत्रा दोरापाशी न जाता भिंतीशी शेपूट हलवत उभा राहतो. तो चुकलेला नसतो, वास खरोखरच तिथे साठलेला असतो. सुरुवातीला कूलर आणि पंखा बंद ठेवून खेळा. पुढे हाच झोत मुद्दाम चालू ठेवलात तर त्याच खोलीत खेळ दुप्पट अवघड होतो. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या असतील तर त्यांचा वास दोराचा वास झाकतो, दोन दिवस दुसऱ्या खोलीत खेळा. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगताही येत नाही, म्हणून आधी पाणी, सावली, आणि श्वास जागेवर आल्यावर खेळ.

बडीशेपेची डबी

ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याला टेकनपूर लागतं. तिथे सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. शोधकामाच्या कुत्र्यांना तयार करताना वासाची सांगड आवडत्या खेळण्याशी घालण्याची पद्धत जगभर वापरतात. तीच घरी करता येते, वास तेवढा निरुपद्रवी निवडायचा. लवंगेचं किंवा निलगिरीचं तेल नको, ते कुत्र्याला बाधतं. बडीशेप उत्तम.

मूठभर बडीशेप पुरचुंडीत बांधून झाकणाच्या मोठ्या बरणीत ठेवा. त्यातच दोर आणि सुती कापडाचे चार-पाच तुकडे ठेवून दोन दिवस झाकण लावा. दोर बरणीतच ठेवत आठवडाभर नेहमीचा शोध खेळा. बडीशेप म्हणजे दोर, हे गणित कुत्र्याचं कुत्रं जुळवतं.

मग स्टीलच्या पाच लहान डब्या घ्या आणि झाकणांना खिळ्याने पाच-सहा छिद्रं पाडा. खिळा बाहेरून आत ठोका, म्हणजे धारदार कडा आतल्या बाजूला राहतात. एका डबीत वासाचं कापड, बाकीच्यांत साधं. सगळ्यांत कापड हवंच, नाहीतर कुत्रा ‘कापडाची डबी’ शोधायला शिकेल. डब्या चपलांच्या पाच उघड्या खोक्यांत ठेवा, खोक्यांत हातभर अंतर. वासाचं कापड चिमट्याने उचला आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे बडीशेपेचा वास बोटांवरून इतर डब्यांना लागणार नाही.

पहिले दोन दिवस वासाच्या खोक्यात दोरही ठेवा. तिसऱ्या दिवशी दोर तुमच्या पाठीमागे लपलेला. कुत्र्याचं नाक त्या खोक्यावर अडलं, श्वास भराभर व्हायला लागला, की त्याच्या खांद्यावरून दोर नेमका त्या खोक्यात टाका. दोर वासातूनच उगवला, असं त्याला वाटलं पाहिजे. दोन सेकंद उशीर केलात तर तो तुमच्याकडे वळलेला असतो आणि बक्षीस वळण्याला मिळतं. एकदा वास लागलेलं खोकं रिकामं म्हणून वापरू नका, त्यावर खूण करा. त्याची जागा मात्र प्रत्येक फेरीत बदला.

वस्तूंची नावं

अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला १०२२ वस्तूंची नावं येत असल्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या शिक्षणात बक्षीस खाण्याचं नव्हतं, खेळाचं आणि शाबासकीचं होतं. घरी चार-पाच नावं झाली तरी पुष्कळ.

‘दोर’पासून सुरुवात करा. खेळताना दर वेळी नाव घ्या. दुसरी वस्तू वेगळ्या उच्चाराची निवडा, ‘चेंडू’ चालेल. आधी एकेकटी, मग दोन्ही मीटरभर अंतरावर ठेवून एकीचं नाव. दोघींत निम्म्या वेळा नुसत्या नशिबानेही बरोबर येतं, म्हणून ओळखीची पण नाव न शिकवलेली तिसरी वस्तू शेजारी ठेवा. दहापैकी आठ वेळा बरोबर आणलं की पक्कं. परीक्षा घेताना पाठ वळवा, तुमची नजर सगळं फोडते. इथल्या मराठी घरांत एक वेगळीच अडचण असते: आजी मराठीत ‘आण’ म्हणतात, मुलं हिंदीत ‘ला’ म्हणतात, आणि कुत्रा दोघांकडे बघत बसतो. शब्द कोणताही चालेल, घरात एकच हवा.

फिरताना

चार-पाच मीटरचा पट्टा, गळ्याऐवजी छातीचा हार्नेस, आणि वीस मिनिटं कुत्रा नेईल तिकडे. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या गल्ल्या यासाठी दुकानं उघडायच्या आत उत्तम. जनकगंज-दौलतगंजच्या बाजूला पन्नास पावलांतही रात्रभराचं वर्तमान त्याला वाचायला मिळतं. वीस मिनिटांत एकच गल्ली झाली तरी घाई करू नका.

इथेच खाऊविना शिस्तही लावता येते. खांब दिसला की कुत्रा ओढतो. थांबा. पट्टा सैल झाला की तीन पावलं चाला आणि मग ‘हुंग’ म्हणा. सैल पट्ट्याचं बक्षीस तो खांबच.

उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत किंवा रात्री साडेआठनंतर निघा. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टिकत नसेल तर पंजेही टिकत नाहीत. गल्लीतल्या कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात, कचऱ्याच्या ढिगाचा कोपरा बहुधा त्यांचा, तो टाळा. पावसाळ्यात डबकी टाळा, रेबीजबरोबर लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची) लसही झालेली असू द्या.

पाट

जेवायला बसायचा लाकडी पाट काढा, खाली रबरी मॅट टाका. दोरामागे नेत कुत्र्याचे पुढचे पाय पाटावर चढवा, ‘घे’ म्हणून ओढाओढ. जमलं की तुम्ही पाटाभोवती हळूहळू सरका, म्हणजे पुढचे पाय जागेवर ठेवून त्याला मागचे फिरवावे लागतील. कुत्र्याला मागच्या पायांची फारशी जाणीव नसते, म्हणून हे दिसतं त्यापेक्षा कितीतरी दमवणारं आहे. एका बाजूला चौथाई चक्कर, मग दुसऱ्या बाजूला. तीन मिनिटं पुरे. पॉलिशच्या फरशीवर मॅटशिवाय अजिबात नको.

फाडायची हौस असेल तर खोक्यात चुरगळलेली वर्तमानपत्रं भरून मधोमध दोर पुरा. टेप आणि स्टेपलच्या पिना आधी काढा. कागद गिळणाऱ्या कुत्र्याला हा खेळ नको.

पाठलाग हवाच असेल तर मीटरभर पीव्हीसी पाइपातून दीड मीटर दोरी ओवून टोकाला कापड बांधा. कापड जमिनीवरूनच फिरवायचं, उड्या नकोत, दोन मिनिटांनी विश्रांती, आणि दर फेरीत एकदा ‘सोड’. हाडं पक्की होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत, तीव्र वळणं टाळा. चेंडू पन्नासदा फेकण्यापेक्षा हे परवडलं. चेंडूफेकीत विचार काहीच नसतो, नुसता उन्माद चढत जातो. लेझरचा ठिपका तर आणूच नका. तो कधीच तोंडात येत नाही, आणि काही कुत्रे पुढे भिंतीवरच्या सावल्यांच्या मागे लागतात.

किती आणि कधी थांबायचं

रोज एक हुंगत फिरणं आणि घरात दहा-दहा मिनिटांचे दोन खेळ, एवढं बहुतेक कुत्र्यांना पुरतं. प्रौढ कुत्र्याची झोप १२ ते १४ तासांची असते, ती तोडून खेळवू नका. खेळ संपला की दोर कपाटात आणि कुत्रा त्याच्या गोधडीवर, तुम्ही जवळच शांत बसलेले. अंग झटकलं, पाणी प्यायला, कुशीवर कलंडला, तर मात्रा बरोबर. डोळे मोठे, पट्ट्याला चावे, ‘सोड’ ऐकेनासा झाला, तर खेळ जास्त झाला. दुसऱ्या दिवशी निम्मा करा.

शांत असलेला कुत्रा एकाएकी अस्वस्थ झाला, शेपटीमागे गोल फिरत राहिला किंवा तासन्‌तास पंजे चाटत बसला, तर नवा खेळ शोधू नका. ते दुखण्याचं किंवा खाजेचं लक्षण असू शकतं, आधी पशुवैद्याला दाखवा.