नांदेडच्या विमानामागे पायलट किती?

आधी तास मोजा. एटीआर (छोटं, पंख्याचं प्रवासी विमान) रोज 10 तास उडणार असेल, तर वर्षाचे झाले 3650. विमान वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेच्या नियमाने एका पायलटला 365 दिवसांत 1000 तासांच्या वर उडता येत नाही. म्हणजे कागदावर कॅप्टन-को-पायलटच्या चार जोड्या. रजा, मेडिकल, सिम्युलेटरवरचा सराव, आठवड्याची सुट्टी धरली की पाच-सहा लागतातच. इथं काटकसर केली तर एक जण आजारी पडला तरी नांदेडची फेरी बोंबलते.

खरी गोची ताफा बदलताना. एम्ब्राएर 145 या छोट्या जेटचं रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायची परवानगी, मोठ्या एम्ब्राएर 175 ला चालत नाही. म्हणून नवं विमान यायच्या काही महिने आधीच पायलट ट्रेनिंगला काढा, पण सगळे एकदम नको. जुनी विमानं उडवणार कोण? कॅप्टन आधी पाठवा. को-पायलट मिळतात, अनुभवी कॅप्टन शोधावा लागतो.