मजुरीला आलेल्या घराची मनाच्या आजाराची फाइल दोन भाषांत कशी सांभाळायची

सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला, वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या तोडीला, वीटभट्टीवर अशी माणसं येतात. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याची कोरकू घरं, मध्य प्रदेशातल्या बैतूल-छिंदवाड्याची गोंड घरं, भट्ट्यांवर छत्तीसगढी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी द्राविडी. मराठीशी दोन्हींचं नातं नाही. गडीमाणसं बाजारापुरती हिंदी बोलतात म्हणून "यायले समजते" असं आपण धरून चालतो, आणि फाइल पहिल्याच पानावर चुकते. जिला झोप नाही, जी जेवत नाही, ती बाई बहुतेकदा घरातली सगळ्यांत कमी हिंदी बोलणारी असते.

म्हणून पहिल्या भेटीत "हिंदी येते का?" एवढ्यावर थांबू नका. "घरात भांडण कोणत्या भाषेत होतं?" हे विचारा. जे उत्तर येईल ती त्या माणसाची फाइलची भाषा. प्रत्येक माणसासाठी वेगळी लिहा, घराची एकच लिहू नका.

मग दुभाषी. मुकादम चालणार नाही, कारण उचल त्याच्याकडून घेतलेली असते आणि "कामाला जमत नाही" हे वाक्य त्याच्या कानावर जाऊ नये असं त्या घराला वाटतं. नवरा नको, सासू नको. शाळेतलं पोर तर मुळीच नको. आईला मरावंसं वाटतं हे दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून वदवून घेणं तिच्यावर अन्याय आहे. मेळघाटातली आशाताई, आदिवासी वसतिगृहात राहून कॉलेज करणारी मुलगी, दुसऱ्या तळावरची त्याच भाषेची जाणती बाई, यांतली एक शोधा. बाईसाठी बाईच. तिला दर भेटीचं मानधन द्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. दर वेळी नवा चेहरा आला की घर पुन्हा पहिल्यापासून गप्प होतं.

भेटीआधी १० मिनिटं तिच्याशी बसा. ठरवायचं ते एवढंच: बोलणारी "मी" म्हणाली तर तिनंही "मी"च म्हणायचं. काही गाळायचं नाही, जोडायचं नाही. इथलं बोलणं तळावर न्यायचं नाही. बसताना त्रिकोणात बसा, नजर दुभाषीकडे नाही तर बाईकडे. एका वेळी एकच लहान वाक्य बोला.

सगळ्यांत जास्त घोळ आत्महत्येच्या प्रश्नाला होतो. तुम्ही विचारता, "जीव द्यावासा वाटतो का?" दुभाषीला संकोच होतो आणि ती विचारते, "लई त्रास होतो का?" उत्तर "हो" येतं किंवा "नाही" येतं, दोन्ही निरुपयोगी. म्हणून हा प्रश्न आधीच तिच्याकडून तिच्या भाषेत म्हणवून घ्या, आणि तिनं काय म्हटलं ते मराठीत उलटं सांगायला लावा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार येत नाही, हेही तिला आधी सांगा.

पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची प्रश्नावली) वापरत असाल तर त्यातल्या "मागच्या दोन आठवड्यांत" या शब्दांवर माणसं अडतात. आठवडी बाजारानं मोजा: "मागचे दोन बाजार झाले, तेव्हापासून." ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरकडे पाठवा. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा, त्याला ० सोडून काहीही आलं तर बेरजेची वाट पाहू नका. त्याच दिवशी समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला कळवा, फवारणीचं औषध त्या झोपडीपासून हलवा, कुलपात ठेवा आणि रात्री सोबत कोण झोपणार ते नावानिशी ठरवा. टेलि-मानस या मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, हिंदी-मराठीत बोलता येतं. कोरकू-गोंडीसाठी दुभाषीला स्पीकरवर घ्या. विष घेतलंच असेल तर लगेच १०८ बोलवा, ओकारी काढायला लावू नका, कपडे बदला, अंग धुवा आणि विषाचा डबा सोबत घ्या. पोलिसांच्या भीतीनं घरं लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५, उलट सिद्ध झालं नाही तर, जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्या माणसावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरतं, आणि त्या प्रयत्नासाठी त्याला शिक्षा होत नाही. हे त्यांच्या भाषेत सांगा.

लक्षणं त्यांच्या शब्दांत लिहा, भाषांतर शेजारी. "जीव घाबरते", "डोकं जड होते", "करमत नाही", "बाहेरचं झालं". यांच्या जागी थेट "डिप्रेशन" लिहिलंत तर पुढच्या डॉक्टरला काही कळणार नाही. भूमकाकडे (गावातला झाडपाला-मंत्र करणारा) जातात तर जाऊ द्या, मोडता घालू नका. फक्त गोळी थांबवायची नाही आणि साखळीनं बांधायचं नाही, हे पक्कं करून घ्या.

गोळ्यांचं कार्ड वेगळं करा, फाइलपेक्षा ते महत्त्वाचं. त्यावर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम (कंपनीचं नाव गावोगावी बदलतं), सूर्य-चंद्राचं चित्र, दवाखान्याचा फोन. आजाराचं नाव कार्डावर नको, मुकादम वाचतो. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ती कित्येक महिने चालू ठेवावी लागते. हे समजलं का, असं विचारू नका. "घरी सासूला कसं सांगशील?" म्हणा आणि तिच्याकडून ऐका. बरीच माणसं सुरुवातीलाच गोळी सोडतात असं समजूनच पाचव्या-सहाव्या दिवशी तळावर चक्कर मारा.

फोन नंबर तीन घ्या: त्यांचा, गावात मागे राहणाऱ्या नातेवाइकाचा, गावच्या आशाताईचा. सिम बदलतं, आशाताई बदलत नाही. गावाकडे माहिती पाठवायची तर बाईची परवानगी घेऊनच.

होळीला कोरकू घरं गावी परततात, भट्टीची पावसाआधी. निघायच्या १५ दिवस आधी तारीख विचारा, डॉक्टरकडून ३० दिवसांच्या गोळ्या मागा, संदर्भ चिठ्ठी मराठी-हिंदी दोन्हींत करून एक प्रत त्यांच्या पिशवीत रेशन कार्डासोबत ठेवा. तिथं ती हमखास सापडते. पोचल्यावर सातव्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी फोन करा, दुभाषीला सोबत घेऊन. आशाताईनं गोळ्या मोजून सांगितल्याशिवाय फाइल बंद करू नका.